काचेवर चिकटलेली खुर्ची

दुकानाच्या काचेच्या काउंटरवर ती पिवळी खुर्ची दोन वर्षं चिकटून होती. बाळाला आंघोळीच्या टबात बसवायची खुर्ची. पुढे दांडी, दांडीवर गरगर फिरणारा मासा, शेजारी दाबला की टिणटिण करणारा बेडूक, आणि खाली चार रबरी वाट्या. ओल्या करून दाबल्या की त्या काच सोडायच्या नाहीत. गिऱ्हाइकात एखादा बाप दिसला की मालकाच्या अंगात यायचं. "ओढा साहेब, दम असेल तेवढा ओढा." साहेब ओढायचे, लालबुंद व्हायचे, काउंटर हलायचा, खुर्ची ढिम्म. बायको हसायची आणि खोका बांधला जायचा.

बांधून द्यायची मावशी. अकरा वर्षं ती आंघोळीच्या खेळण्यांच्या फळीपुढे उभी होती. पोरं, पोरांच्या आया, मालकाचा म्हातारा बाप, सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाणी लावा, दाबा, की तुमचे दोन्ही हात मोकळे." आईला मोकळे हात मिळणं म्हणजे काय, हे दोन पोरं एकटीनं वाढवलेल्या मावशीला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच ते वाक्य विकलं जायचं.

दुपारी दुकान रिकामं असताना एक बाई आली. कडेवर अकरा महिन्यांची मुलगी. मावशीनं ओळखलं, महिन्यापूर्वी हिनंच खुर्ची नेली होती.

"ये गं बबडे," मावशी म्हणाली. "मासा फिरवतेस की नाही रोज?"

बाई हसली नाही. "मावशी, पाण्याची भीती जाईल असं काही खेळणं आहे का? टब दिसला तरी किंचाळते ही. बदकं आणली, बोटी आणल्या, चावीचं कासव आणलं. काही उपयोग नाही."

"अशी एकदम कशानं घाबरली?"

"माझ्यामुळे." बाईनं पाठ केलेलं सांगावं तसं सांगितलं. "टॉवेल खुंटीला होता. दोन पावलं फक्त. मी वळले आणि ही खुर्चीसकट कलंडली. तोंड पाण्यात. नाकातोंडात पाणी गेलं, निळी पडली होती. दोन रात्री दवाखान्यात काढल्या. आता बरी आहे. खुर्ची मीच नीट दाबली नसणार."

मावशीची नजर काउंटरवरच्या खुर्चीकडे गेली.

"सासूबाई आता माझ्या हातात देत नाहीत हिला आंघोळीला," बाई पुढे म्हणाली. "ओल्या फडक्यानं पुसून काढतात. नवरा काही बोलत नाही. पण मी न्हाणीघराकडे वळले की मागे येऊन उभा राहतो. पहारेकरी असतो ना, तसा."

"टब कुठला तुमचा?" मावशीनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच तिला ते कळलं होतं.

"निळा. तळाला बारीक दाणे असतात बघा, घसरू नये म्हणून. तुमच्याकडचाच आहे."

दाणेदार तळावर रबरी वाटी जेमतेम मिनिटभर टिकते. मावशीनं ते स्वतः पाहिलं होतं. माल आला त्याच आठवड्यात मागच्या खोलीत निळ्या टबात तिनं खुर्ची बसवून पाहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती फस्सकन सुटली होती. तिनं मालकाला सांगितलं. "तुझ्या घरी टब आहे का? नाही ना. मग तुला काय कळतं त्यातलं?" एवढं बोलून त्यानं तिच्या हातात किमतीच्या चिकटपट्ट्यांचं भेंडोळं दिलं आणि खोक्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे लाव." तिथे बारीक अक्षरात छापलं होतं: फक्त गुळगुळीत तळासाठी, बाळावरून नजर हटवू नये. मावशीनं सगळ्या खोक्यांवर पट्ट्या लावल्या. अंगठ्यानं घासून घासून, कोपरे उचलले जाऊ नयेत म्हणून. ती मूर्ख नव्हती. तिला वाचता येत होतं. नोकरी जाईल म्हणून मूग गिळून बसली, आणि मग बसायची सवयच झाली.

आताही गप्प बसणं सोपं होतं. समोरची बाई स्वतःच सगळं डोक्यावर घेऊन उभी होती. एक रबरी बदक हातात द्यायचं, लेकीचा गालगुच्चा घ्यायचा, संपलं. मावशीनं फळीवरचं बदक उचललंसुद्धा. मुलगी ते न बघता आईच्या गळ्याशी अधिकच चिकटली.

मावशीनं बदक खाली ठेवलं.

"तुम्ही नीटच दाबली होती. त्या टबाला ती खुर्ची चिकटतच नाही. मला माहीत होतं."

बाईला आधी कळलंच नाही. मग मावशीनं मांडणीतला खोका काढला आणि नखानं किमतीची पट्टी खरवडली. ती सहज निघेना. लावणारीनं काम चोख केलं होतं. खालची अक्षरं दिसली. बाईनं ती दोनदा वाचली.

"कुणी लावली ही?"

"मी."

गल्ल्यावरून मालक खाकरला. बाईनं तिकडे पाहिलंही नाही. मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि मावशीपुढे धरला. "सासूबाई आहेत. आत्ता जे म्हणालात ते त्यांना सांगा. सगळं."

मावशीनं सांगितलं. टब, वाट्या, पट्टी, अंगठा. एक शब्द गाळला नाही.

"पण टॉवेल घ्यायला वळलीच ना ती?" पलीकडून विचारणा झाली.

"वळली. दोन्ही हात मोकळे होतात असं मीच सांगितलं होतं तिला."

पलीकडे टीव्हीचा आवाज चालू होता, तो बंद झाला. "आणि तुला झोप लागते गं बाई?"

"लागत होती. आजपासून बघायचं."

बाईनं फोन परत घेतला. मावशीला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसली तर बरं. पण बाई म्हणाली, "आता खेळणं दाखवा. आणि खरं बोलून दाखवा."

मावशीनं मघाचं बदक पालथं केलं. "हे नको. भोकातून पाणी आत जातं, वाळत नाही, आतून काळं पडतं आणि तेच पोरांच्या तोंडात. कासवाची चावी सुटते, घशात जाईल." मग तिनं खालच्या फळीवरून एकात एक बसणाऱ्या वाट्या काढल्या, तळाला चाळणीसारखी भोकं असलेल्या. "ह्या न्या. पण लगेच टबात नका घालू हिला. आधी कोरड्या जमिनीवर खेळू दे. मग बादलीत हात. टब नंतर, आणि तुमचा हात तिच्या पाठीवर. मोकळा नाही ठेवायचा."

मुलीनं एक वाटी घेतली, तिच्या भोकातून मावशीकडे पाहिलं आणि वाटी चावली.

"मी परत इथे पाय ठेवणार नाही," बाई दारातून म्हणाली.

"नका ठेवू."

ती गेल्यावर मालक उठला. "डोकं ठिकाणावर आहे का, मावशी? धंदा बुडवायला निघालीस?"

काउंटरवरच्या खुर्चीच्या एकेका वाटीखाली मावशीनं नख घातलं. ओढून न निघणारी खुर्ची कडेनं हवा शिरताच मुकाट्यानं निघाली. ती तिनं मालकाच्या पुढ्यात ठेवली. मग खेळणी बदलून द्यायची वही काढली. मोठी वस्तू नेणाऱ्याचा फोन नंबर तीत लिहून घ्यायची पद्धत होती, आणि लिहायचीही मावशीच. सतरा खुर्च्या गेल्या होत्या. परत आली होती ती एकच आई. मावशीनं दुकानाचा फोन उचलला आणि वहीतला पहिला नंबर लावला.

"फोन खाली ठेव," मालक म्हणाला. "ठेवला नाहीस तर उद्यापासून यायचं नाही."

पलीकडे घंटी वाजत होती. एका पुरुषाचा आवाज आला, मागे कुठलं तरी मूल खिदळत होतं.

"खेळण्याच्या दुकानातून मावशी बोलतेय," ती म्हणाली. "तुमच्या टबाचा तळ कसा आहे?"