दुखणं यकृताचं, शिक्षा हृदयाला

मित्रांनो, मी एक जुनं, वापरलेलं हृदय आहे. माझा पहिला मालक रंगारी होता. भिंती रंगवताना तो बेसूर गायचा आणि मी इमानेइतबारे ठेका धरायचो. लहानपणी चढवलेल्या रक्तातून त्याच्या यकृतात काविळीचा विषाणू शिरला होता. मी मात्र ठणठणीत होतो.

एकदा तो शिडीवरून पडला. त्याचा मेंदू कायमचा थांबला. यंत्राच्या श्वासावर मी तेवढा चालू राहिलो. त्याची थोरली बहीण रडत म्हणाली, "त्याची इच्छाच होती. द्या कुणाला तरी."

मग मला कुणाला बसवता येईल, हे विचारायला रुग्णालयांना फोन सुरू झाले. पहिल्या रुग्णालयानं विषाणूचं नाव ऐकलं आणि "नको" म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं, "आधी कुणी नाकारलंय का?" हो म्हणताच त्यांनीही नाकारलं. तिसऱ्याला ते दोन नकारच पुरले. अरे, माझी तपासणी तरी बघा! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच!

बहीण भडकली. "माझा भाऊ काय भंगार आहे, दारोदार फिरवायला?"

शेवटी एका डॉक्टरबाईंनी माझे रिपोर्ट मागवून नीट वाचले. त्यांच्याकडे एक शिंपीण होती. कूस बदलली तरी तिला धाप लागायची. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हे हृदय घेतलंत तर त्यातल्या रक्तातून विषाणूची लागण तुम्हालाही होईल. पण त्यावर गोळ्या आहेत, बहुतेक सगळे बरे होतात. वाट बघत बसणं जास्त धोक्याचं आहे."

"मग विचारता काय, बाई? मला जगायचंय. आणा ते इकडे!"

गोळ्यांनी विषाणू पार गेला. आता शिंपीण दिवसभर मशीन चालवते, चुकीची मापं देणाऱ्या गिऱ्हाइकांशी कडाकडा भांडते, आणि मला धडधडायला मजा येते.

परवा तपासणीच्या रांगेत तिला एक बाई भेटली. नवऱ्याची उरलेली औषधं कुणा गरजूला द्यायला आली होती. तिचा नवरा त्या पहिल्या रुग्णालयात होता. पहिला फोन त्याच्यासाठीच झाला होता.

"शेवटपर्यंत विचारत होते, आलं का एखादं?" बाई म्हणाली. "पण आलंच नाही हो."

आलो होतो, वहिनी! मी आलो होतो! तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मित्रांनो, माझ्या अपमानाचं सोडा. पण जीव ज्याचा जातोय, त्याला विचारल्याशिवाय "नको" म्हणू नका.