धुराला आलेला भाव

वडनेर भोलजीत कापूस वेचून झाला की कपाशीच्या वाळक्या झाडांच्या पऱ्हाट्या शेताच्या कडेला, धुऱ्यावर जाळून टाकायची रीत होती. शेतकीची पदवी घेऊन आलेल्या समताने बचत गटातल्या बायकांना वेगळं शिकवलं. पऱ्हाट्या खड्ड्यात अर्धवट जाळायच्या, पाण्याने विझवायच्या आणि कोळसा शेणखतातून शेतात टाकायचा. हवेत जाणारा कार्बन असा मातीत ठेवला, की त्याची क्रेडिटं विकता येत. एका सिमेंट कारखान्याने ती पाच वर्षं घ्यायचं कबूल केलं.

"तो त्याचं करते काय?" समताच्या आत्याने, बनाबाईने विचारलं.

"सरकारनं त्याले धुराची हद्द बांधून देल्ली, आत्या. वर गेला त क्रेडिटं इकत घ्या लागतात."

"म्हंजे आपन धूर अडवाचा आन् त्यानं सोडाचा?"

"सध्या तसंच हाये. पन हद्द हळूहळू खाली येते. तसा क्रेडिटचा भाव चढते. मंग त्याले भट्टी सुधरवनंच सस्त पडते."

"आन् मंग आपला माल?"

"मंग तो नाई घेत," समता म्हणाली. तो दिवस तिला फार लांबचा वाटत होता.

सह्या व्हायच्या आधीच कारखान्याचा फोन आला. भाव वाढल्यामुळे नवी भट्टी बसवायचं ठरलं होतं. आता ते दोनच वर्षं क्रेडिटं घेणार होते, पण चढ्या भावाने. समता गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बायकांसमोर उभी राहिली आणि अडखळत सगळं सांगून मोकळी झाली.

"म्हंजे तो धूर कमी करून राह्यला?" बनाबाईने विचारलं.

"हो."

"मंग तोंड काऊन पाडलं? चांगलंच झालं न."

"चांगलं त हाये," गटातली जयमाला म्हणाली, "पन दोन वर्षानं आमी काय करावं?"

 

उत्तर जयमालानेच शोधलं. ती कोळशाची पिशवी घेऊन नांदुऱ्याच्या रोपवाटिकेत गेली. मालकाने तो थोड्या रोपांना घालून पाहिला. रोपं तरारली, तेव्हा त्याने आणखी मागवला.

यंदा खड्डे वाढलेत. समता क्रेडिटांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलते आहे. तो भाव पाडून मागतो, आणि ती निवांतपणे नाही म्हणते. बायका विझलेला कोळसा पसरवतात, काळ्या हातांनीच चहाचे कप धरतात आणि एकमेकींच्या कोळसा लागलेल्या तोंडाकडे बघून हसतात.