म्यानाच्या टोकावरची लोंबी

मित्रांनो, तलवारीचं कौतुक सगळे करतात, म्यानाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मी तर त्या म्यानाच्याही टोकावरची जुनी पितळी टोपी आहे. तरीही माझी कहाणी ऐकाच.

संगमेश्वराकडच्या एका कासाराने मला घडवलं. म्यानाच्या तोंडावरची पट्टी ही माझी बहीण. तिच्यावर त्याने भाताची काडी कोरली आणि माझ्यावर दाण्यांनी भरलेली लोंबी. आमचा मालक गावचाच तरुण. पोटासाठी तो सड्यावरच्या, म्हणजे गावाजवळच्या कातळ पठारावरच्या, परक्या फौजेच्या छावणीत पहारेकरी झाला होता. पोशाख त्यांचा, तलवारही त्यांची. लोंबी मात्र त्याने आपल्या गावची लावून घेतली. पुढे छावणी उठली, म्यान कुजलं आणि आम्ही दोघी मातीत दुरावलो.

किती पावसाळे गेले कोण जाणे. एकदा रामा नावाच्या शेतकऱ्याने आंब्याच्या कलमासाठी खड्डा खणला आणि मी त्याच्या हाती लागले. त्याने मला आपल्या काठीच्या टोकाला बसवलं. गुरांमागे कातळावर टकटक वाजताना माझा रुबाब पाहायला हवा होता! रामा वारल्यावर काठी त्याच्या बायकोकडे, कमळाकडे आली. दर दसऱ्याला ती मला चिंचेने घासून पूजेत ठेवायची. मी लखलखायचे खरी, पण दरवेळी लोंबीचे दाणे थोडे झिजायचे. तिच्या मायेला मी काय बोलणार?

गेल्या वर्षी देवरुखच्या एका कॉलेजातल्या मृणालीबाई विद्यार्थ्यांना घेऊन सड्यावर उत्खननाला आल्या. कमळा काठी टेकत पाहायला गेली. मातीतून निघालेली एक पट्टी कापडावर ठेवली होती. ती माझी बहीण होती. मृणालीबाईंची नजर पट्टीवरून काठीच्या टोकाकडे गेली. त्यांनी मला हळूच पुसलं आणि काडीपुढे लोंबी धरली. छावणी परक्यांची असली तरी भाताची खूण असलेलं हे म्यान बाळगणारा माणूस इथलाच असणार, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मग दोन्ही वस्तू संग्रहालयात एकत्र ठेवता येतील का, असं कमळाला संकोचतच विचारलं.

कमळाने काठी छातीशी धरली. "माज्या घोवानं बशिवलेली हाय ती."

मृणालीबाईंनी आग्रह केला नाही. माझा जीव मात्र टांगणीला लागला. मला कमळाला सोडवत नव्हतं आणि बहिणीलाही पुन्हा गमवायचं नव्हतं.

कमळा घराकडे वळली, थोडी चालली आणि परत आली.

"घेवा," ती म्हणाली. "माजा मानूस काय आता येनार न्हाय. हिची भैन तरी हिला भेटूंदे."

आता आम्ही दोघी एकाच काचेच्या पेटीत आहोत. काडीला तिची लोंबी मिळाली. शेजारच्या पाटीवर कमळाच्या सांगण्यावरून एक ओळ आहे: 'कलम लावताना रामा यांना सापडली.' काठीला आता रबराचं बूच लावून कमळा अधूनमधून येते. वाचता येत नाही, म्हणून ती ओळ कोणाकडून तरी वाचून घेते.

मित्रांनो, जमिनीतून असं काही मिळालं तर ते मोडीत घालू नका, घासूनही काढू नका. जाणत्या माणसाला दाखवा. आणि ते कोणाच्या हाताला लागलं, तेवढं विसरू नका.