साबण प्यालेली तवी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर आधी नाक मुरडाल. मी काळी आहे, जुनी आहे आणि मातीची आहे. माझ्या अंगावर बारा खळगे आहेत आणि प्रत्येक खळग्याला मातीची एकेक टोपी आहे. तुमच्या घरातल्या आप्पेपात्राची मी लांबची मावसबहीण म्हणा ना. फरक इतकाच, की माझ्यात तेल घालत नाहीत. तेलाच्या थेंबाशिवाय माझ्यातून तांदळाचं पीठ फुलून, कडा सोडून अलगद वर येतं. हे जमायला मला कित्येक वर्षं लागली, आणि ते सगळं एका सकाळी कसं पणाला लागलं, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म बाऊ त्रुक नावाच्या गावातला. तिथल्या चाम जमातीच्या कुंभारणी चाक वापरत नाहीत. माती जागेवर असते आणि कुंभारीणच तिच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. मला घडवणाऱ्या आजीनं अशा किती फेऱ्या घातल्या कोण जाणे. मग उघड्यावर, पेंढा आणि लाकडाच्या जाळात मी भाजून निघाले. फुटपाथवर खाणं विकणाऱ्या थोआबाई मला विकत न्यायला आल्या तेव्हा मी लालचुटूक होते. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या मुलाला खाली बसवलं.

न्हा त्रांग या त्यांच्या समुद्रकाठच्या शहरात आल्यावर त्यांनी मला तीन दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवलं. मग डुकराची चरबी चोळली आणि विस्तवावर चढवलं. पहिले कितीतरी घाणे चिकटले. ते सगळे कोंबड्यांना गेले. हळूहळू माझ्या खळग्यांवर एक काळा, गुळगुळीत थर धरला. थोआबाई म्हणायच्या, "आता हिला वाचा फुटली." त्या दिवसापासून बावीस वर्षं मला पाणी लागलं नाही, साबण तर नाहीच. काम संपलं, की फक्त कोरडा फडका.

आमची जागा मासळी बंदराच्या रस्त्यावर, फुटपाथवर. शेजारी हुएबाईंच्या जेलीमाशाच्या शेवया, समोर निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस. तरीही सकाळी बोटी लागल्या, की पहिली गर्दी माझ्यासमोर. कुणाला पिठावर माकुल हवं, कुणाला कोळंबी, कुणाला लाव्याचं अंडं. दोन-दोनांची जोडी पोटाला पोट लावून बशीत पडायची. सोबत माशाचं खारट-गोड पाणी आणि कच्च्या आंब्याचा कीस. खाणारे माझं कौतुक करायचे आणि मी फुगून बसायचे.

थोआबाईंचा एक कडक नेम होता. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक जसं, तसा पुढचा सगळा दिवस. त्यांनी त्यासाठी लुआनकाकांना धरलं होतं. काका बोटी दुरुस्त करायचे, हसऱ्या तोंडाचे आणि चांगल्या पायगुणाचे. पहिली जोडी त्यांची. त्यांनी ती खाऊन मान डोलावली, की दुकान उघडलं.

थोआबाईंच्या सुनेचं नाव क्वेन. उत्तरेकडच्या भातखाचरांतली मुलगी. दोन वर्षं ती आंबा किसत होती, माकुल साफ करत होती, टोप्या पुसत होती. पण पळीला हात नाही. "तुझा हात घाई करतो," एवढंच थोआबाई म्हणायच्या. मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, की यापुढे धुरासमोर बसायचं नाही. तेव्हा त्या क्वेनला म्हणाल्या, "उद्या पळी तू धर. मी मागे बसून ऐकेन. जमलं तर दुकान तुझं. नाही जमलं तर मी निखारे विझवते, कायमचे."

नेमकं त्याच दिवशी, दुकान आवरताना, राजधानीकडची एक पाहुणी मला बघून म्हणाली होती, "ई, किती काळं! धूत नाहीत वाटतं?"

क्वेनच्या माहेरी काळं भांडं म्हणजे घरच्या बाईची लाज. उद्याचा दिवस मोठा, म्हणून तिनं मला न्हाणीत नेलं आणि साबण लावून तारेच्या घासणीनं घसाघसा घासलं. खरं सांगू? मला आवडलं. खळग्याखळग्यातून माझा लाल रंग डोकावायला लागला आणि मला वाटलं, मी परत मुलगी झाले. मातीची जात माझी, जे मिळेल ते पिते. मी साबण पोटभर प्याले.

सकाळी थोआबाई डोळ्यावर पट्टी बांधून मागच्या खुर्चीत बसल्या. लुआनकाका बुटक्या स्टुलावर टेकले. त्यांच्यामागे सात-आठ कोळी उभे. क्वेननं पळीभर पीठ सोडलं आणि मला कळलं, काहीतरी चुकलंय. पीठ चरचरलं नाही. ओल्या फडक्यासारखं नुसतं बसलं.

"आवाज कुठाय?" थोआबाईंनी विचारलं.

"विस्तव जरा कमी आहे, आई."

क्वेननं पंखा मारला. टोप्या काढल्या. बाराच्या बारा चिकटले होते. चमच्यानं खरवडून तिनं त्यातल्या त्यात धड अशी एक जोडी काढली.

शेजारून हुएबाई ओरडल्या, "अगं क्वेन, आज खायला घालतेयस की कपडे धुवायला काढलेस? फेसाचा वास येतोय इकडे!"

लोक हसले. काकांनी घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. पहिलं गिऱ्हाईक थुंकलं तर संपलंच. ते त्यांनाही ठाऊक होतं. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी गिळलं.

"फक्कड!" ते म्हणाले.

"लुआन," थोआबाई हळूच म्हणाल्या, "रोज तुझ्या तोंडात कड कुरकुरते. आज ऐकू आली नाही. काय खाल्लंस?"

काका बशीकडे बघत राहिले. क्वेननं पळी खाली ठेवली. वाटलं, ही आता पळून जाणार. कुणी तिला अडवलंही नसतं. ती उठून सासूपुढे उभी राहिली.

"आई, काल मी तवीला साबण लावला. घासणीनं घासली. विस्तवाबद्दल खोटं बोलले."

थोआबाईंनी मान वर केली. मी निखाऱ्यांवर होते, तरी गार पडले.

"किती घासलीस?"

"लाल दिसेपर्यंत."

"अरे देवा. चांगली पोर आहेस, कामात कुचराई नाही!" त्या कडवट हसल्या. "आता रिकामीच जाळावर ठेव. साबण जळू दे. फुटली तर फुटली."

"आणि माझं काय?" लुआनकाकांनी विचारलं. "माझ्यावरून कागद पेटवून ओवाळणार का, अपशकुनी म्हणून?"

"तुझी जोडी धरलीच नाही मी. जा, आधी चूळ भर."

मित्रांनो, रिकाम्या पोटी विस्तव काय असतो ते मी तेव्हा पाहिलं. खळग्यांतून काळा, कडू धूर निघाला. क्वेन खोकत होती, पण पंखा सोडत नव्हती. अकरा खळगे तापून पांढुरके झाले आणि कडेच्या बाराव्यातून 'टक्' असा आवाज आला. तडा गेला. क्वेननं डोळे मिटले.

"एकच आवाज झाला," थोआबाई म्हणाल्या. "थांबू नकोस. चरबी चोळ."

चरबी चोळली. पीठ सोडलं. चिकटलं. फेकलं. पुन्हा चरबी, पुन्हा पीठ. कोळी थांबूनच राहिले. एकजण म्हणाला, "बायको घरी काही शिजवत नाही, मला काय घाई." सहाव्या घाण्याला पीठ चरचरलं. नवव्याला कड सुटली. दहाव्याला क्वेननं घाई न करता टोपी उचलली आणि पिवळसर, जाळीदार जोडी चमच्याआधीच हलली.

क्वेन बशी घेऊन लुआनकाकांकडे वळली. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोआबाई चाचपडत पुढे आल्या, काकांना स्टुलावरून उठवलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या समोरच्या बाजूला बसल्या.

"आजचं पहिलं गिऱ्हाईक मी," त्या म्हणाल्या. "दिवस वाईट गेला तर माझ्या पायगुणानं गेला. आण इकडे."

त्यांनी चावलं. कड कुरकुरली, मी ऐकली. सगळ्या रस्त्यानं ऐकली असावी, इतकी शांतता होती. त्यांनी सावकाश दुसरा तुकडा माशाच्या पाण्यात बुडवला, गिळला, आणि रिकामी बशी पुढे केली.

"अजून एक जोडी. आणि पळी अशी काय धरलीस? ती काय चोरीची आहे?"

तेव्हापासून पळी क्वेनकडे आहे. माझे अकराच खळगे चालतात. मी पुन्हा काळी होतेय, पण अजून पूर्वीसारखी नाही. एखादा घाणा अडतो, तेव्हा क्वेन मला शिव्या देत नाही, थोपटते.

मित्रांनो, एखादं जुनं भांडं काळं दिसलं म्हणून लगेच घासणी उचलू नका. ज्या हातानं ते वापरलं, त्या हाताला आधी विचारा. आणि विचारायचं राहिलंच, हातून चूक झालीच, तर ती सांगून टाका. मला तडा गेलाय, तो तुम्हाला सहज दिसेल. क्वेन त्या सकाळी गप्प राहिली असती, तर मी बाहेरून अखंड राहिले असते आणि माझ्यातला प्रत्येक घास साबणाचा लागला असता.