आरतीने रोखून धरलेलं विमान

मित्रांनो, मी एक जुनं प्रवासी विमान आहे, पण माझ्यातून एकाही प्रवाशाने कधी प्रवास केला नाही. लहान शहरांना जोडणारं सत्तर आसनांचं जेट विमान बनवायचं ठरलं, तेव्हा चाचण्यांसाठी सर्वांत आधी मला घडवलं गेलं. माझ्या पोटात आसनांच्या जागी पाण्याच्या टाक्या होत्या. त्या भरल्या की माणसांइतकं वजन व्हायचं. मला घडवायला सहा वर्षं लागली. दोनदा पंखांचा आराखडा बदलला, एकदा तर कामच बंद पडलं.

माझ्या चाकांची जबाबदारी आरतीकडे होती. ती चाकूरच्या शेतकऱ्याची लेक. बोलणं मोजकं, बोटं कायम ग्रीसने काळी.

भर मे महिन्यात लातूरजवळच्या धावपट्टीवर माझी अवघड परीक्षा ठरली. पूर्ण वजनानिशी वेगात धावायचं आणि उडण्याच्या ऐन क्षणी ब्रेक दाबून पट्टीच्या आत थांबायचं. प्रकल्पाला पैसा देणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. आरतीचे वडील हणमंतरावही आले होते.

त्या सकाळी आरती बॅटरी घेऊन माझ्या डाव्या चाकांपाशी आडवी झाली, ती लवकर उठेचना. तिने चाकं पेलणाऱ्या दांड्याला चिरेत मुरणारं लाल रंगाचं औषध लावून पुसलं. केसाएवढी बारीक लाल रेघ उमटली. मला ती जागा आदल्या दिवसापासून ठणकत होती, पण सांगायला मला तोंड कुठलं?

"हे विमान आज धावणार न्हाई," ती म्हणाली.

प्रकल्पाचे प्रमुख अनंतराव घामाघूम झाले. "आरती, ओरखडा असेल. सही करा. पाहुणे केव्हाचे बसलेत."

"चीर हाय, सर. ब्रेक लागले की दांडा मोडंल. आत दोन वैमानिक हायेत."

"आणि आज नाही म्हटल्यावर प्रकल्पच गुंडाळला तर?"

"तर मी घरी बसन. पण सही करणार न्हाई."

अनंतराव वाकले. त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं. ते मांडवाकडे गेले आणि त्यांनी स्वतः चाचणी रद्द केल्याचं सांगितलं. पाहुणे कुरकुरत निघून गेले. आरतीने रेघेभोवती खडूने गोल काढला.

हणमंतराव तिच्याजवळ आले. "बैलाचा पाय दुखत असंल तर आपन त्याला जुपतो का? लई बरं केलंस, बाई."

पुढचे अठरा दिवस आरतीला धड झोप नव्हती. तिने दांड्याचा आराखडाच बदलला, नवा जाड दांडा बसवला. मग त्रेचाळीस अंशांच्या उन्हात मी धावलो. ब्रेक लालबुंद झाले, टायरमधून धूर निघाला, पण पट्टी संपायच्या बरंच आधी मी उभा राहिलो. त्या दिवशी मांडव नव्हता. टाळ्या वाजवल्या त्या अनंतरावांनी.

आज तोच दांडा लावलेली माझी धाकटी भावंडं रोज माणसांची ने-आण करतात. मी मात्र नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात उभा आहे. सुरुवातीला मुलं मला रोज पुसायची. आता इंजिनात साळुंक्यांनी घरटी केली आहेत आणि चाकांवर गंज चढतो आहे.

मित्रांनो, अधूनमधून मला थोडं ग्रीस लावत जा. मला आता कुठे जायचं नाही. पण उद्या एखादी मुलगी शिकायला म्हणून माझ्याखाली आडवी होईल, तेव्हा गंज कोणता आणि चीर कोणती, हे तिला स्वच्छ दिसलं पाहिजे.