पायाखालचा अर्ज

पट्टेवाले काकांच्या मुलीचं लग्न पाच माणसांत, तोंडाला फडकी बांधून लागलं, त्या वर्षाची ही गोष्ट. मित्रांनो, मी कोर्टातलं एक जुनं सागवानी टेबल आहे. लांबी नऊ फूट, पाय चार, त्यांतला एक तेव्हा आखूड.

चाळीस वर्षं माझ्यावर निकाल लिहिले गेले. मग नवी इमारत झाली आणि मी तिच्या दारातून आत जाईना. "हे धूड कशाला हवं?" म्हणून मला अडगळीत टाकलं. तिथे वाळवीने माझा पाय कुरतडला.

पुढे साथ आली. बंद खोलीत माणसं जमवायची सोय उरली नाही. पण तुरुंगातल्यांचे जामिनाचे अर्ज थांबणार कसे? आमच्या न्यायाधीश बाईसाहेब म्हणाल्या, "अंगणात बसू. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वकील. एवढं लांब टेबल आहे कुठे?"

ज्या लांबीपायी मला हाकललं, तीच कामाला आली!

सकाळी आलेले अर्ज काका माझ्यावर उन्हात पसरत आणि वर दगड ठेवत. ऊन खाल्ल्याशिवाय कागदाला कुणी हात लावत नसे. एके दिवशी वाऱ्याने एक अर्ज खाली पडला. मुखपट्टीमुळे काकांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. मी डुगडुगतोय म्हणून त्यांनी तो रद्दी समजून उचलला, घडी केली आणि माझ्या पायाखाली सारला.

तो अर्ज एका सुताराचा होता. त्याला दमा होता आणि तुरुंगात साथ शिरली होती. त्या दिवशी पाचला तुरुंगाचं दार लागलं की चौदा दिवस कुणी बाहेर येणार नव्हतं.

चार वाजले तरी त्याचं नाव पुकारलं नाही. फाटकापाशी उभी असलेली त्याची बायको शिवणकाम करायची. ती ओरडली, "काका, आमचा अर्ज कुठाय?"

"आलाच नाही गं पोरी."

"आला नाही कसा? सकाळी तुमच्याच हातात दिलाय! पंख फुटले का त्याला?"

मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाला जीभ कुठली? इतक्यात बाईसाहेब सही करायला टेकल्या आणि मी सारा जीव एकवटून हिंदकळलो. घडी निसटून बाहेर पडली.

"तो निळा दोरा!" ती किंचाळली. "टाचणी मिळेना म्हणून मी कागद शिवलेत. माझा टाका मी आंधळी झाले तरी ओळखेन!"

काकांनी मान खाली घातली. "बाईसाहेब, चूक माझी."

"चूक नंतर. आधी पुकारा करा."

वकील बोलले, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही, जामीन झाला. काका स्वतः हुकूम घेऊन सायकलवर बसले. साठीला टेकलेला माणूस, पण असा दामटत गेला म्हणता! दार लागायला पाच मिनिटं उरली असताना सुतार बाहेर आला.

महिन्याने त्यानेच माझ्या पायाला नवा तुकडा जोडला. त्या अंगणात दोनशे बारा अर्ज ऐकले गेले आणि तिथे बसून कुणीही आजारी पडलं नाही. आज मी ताठ उभा आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी थोडं थांबा. आणि कुठलाही कागद पायाखाली घालण्याआधी उघडून वाचा, त्यात एखादं माणूस असतं. काका शेवटपर्यंत रद्दीसुद्धा वाचूनच टाकत.

साथ सरल्यावर तिसऱ्या वर्षी पट्टेवाले काका त्यांच्या घरी वारले.