काटा हिरव्यातच होता

मित्रांनो, मी एक जुना टोचनचा ट्रक आहे. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला हूक लावून ओढत नेणे, याला आमच्याकडे टोचन म्हणतात. लोक आपली कहाणी जन्मापासून सांगू लागतात. मी मात्र रागापासून सांगणार आहे. घाटात माझा अपघात झाला, तेव्हा सगळीकडे एकच बोलले गेले, की ट्रक म्हातारा होता आणि ड्रायव्हर अडाणी होता. मी म्हातारा आहे, हे खरे. बाकीचे ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

माझी पहिली नऊ वर्षे यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये गेली. कापसाचा हंगाम आला की रुईच्या गाठी माझ्या पाठीवर चढत आणि मी त्या दूरच्या गिरण्यांना पोचवून येई. पुढे जिनिंगवाल्यांनी नवे ट्रक घेतले आणि मला कुंपणाजवळ उभे केले. दोन पावसाळे मी तिथेच भिजलो. माझ्या टपावर एक रानवेल चढली होती. त्या वेलीसकट मला बाहेर काढले ते खेमसिंग राठोडने.

खेमसिंगचा तांडा पुसदकडे जाणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी आहे. त्याच्या पणजोबांची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते मुलखामुलखातून फिरत. बैल थकला की माणूस थांबे, ही त्यांची रीत. खेमसिंगने माझा हौदा उतरवला, पाठीवर लोखंडी क्रेन बसवली आणि मला टोचनच्या कामाला लावले. पण रीत त्याने तीच ठेवली. घाटात अर्ध्यावर एक मोहाचे झाड आहे. गाडी ओढत तिथवर आलो की तो मला थांबवायचा. खाली वाकून माझ्या गिअरबॉक्सजवळ हात न्यायचा. धग कमी झाल्याशिवाय पुढे निघायचा नाही. मागे अडकलेले लोक कातावत, हॉर्न वाजवत. तो तंबाखू मळत शांत बसून राही.

गिअरबॉक्स म्हणजे माझ्या पोटातली दातेरी चाकांची पेटी. इंजिनाची ताकद तिच्यातून चाकांपर्यंत जाते. ही चाके तेलात बुडालेली असतात. मागे दुसरी गाडी बांधून घाट चढायचा म्हणजे हळू चालावे लागते. जोर पूर्ण लागतो आणि वारा मात्र मिळत नाही. त्यात आमच्याकडचा मे महिना. तेल इतके तापते की पाण्यासारखे पातळ होते, आणि मग दातावर दात घासतो. तो त्रास ज्याचा त्यालाच कळतो.

मला तो होतो, हे सर्वांत आधी ओळखले खेमसिंगच्या मुलीने. तिचे नाव वर्षा. पुसदच्या आयटीआयमधून ती डिझेल मेकॅनिक झाली होती. तांड्यातल्या बायका तिच्या काळ्या हातांकडे पाहून हसत, पण स्वतःच्या घरची गाडी बिघडली की तिच्याकडेच येत. एका सकाळी तिने माझे गिअरबॉक्सचे तेल उतरवले. ते काजळासारखे काळे झाले होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता. तिने ते बोटावर घेऊन बापाला दाखवले.

"बा, झाडाखाली थांबून आता भागत नाही. याले तेल थंड करायचा कूलर पाह्यजे," ती म्हणाली.

खेमसिंगला पटायला महिना लागला. मग ते दोघे मला घेऊन यवतमाळच्या एका दुकानात गेले. दुकानदाराचे बोलणे गोड होते. कूलर बसवला की हाच ट्रक दुप्पट ओझे ओढेल, असे त्याने छातीवर हात ठेवून सांगितले. वर्षाने विचारले, दुप्पट कसे? तो खेमसिंगकडे वळून बोलत राहिला. त्याच्या माणसाने तो कूलर माझ्या रेडिएटरच्या अगदी तोंडावर आवळून टाकला, आणि काचेवर लाल अक्षरांची पट्टी चिकटवली: डबल कूलिंग, डबल ताकद.

मित्रांनो, कुणी तुमच्या नाकावर उशी बांधली आणि वर म्हणाले की हा घ्या पंखा, तर कसे वाटेल? रेडिएटरला मिळणारा वारा कूलरने अडवला. आर्णी ओलांडायच्या आत, मागे काहीही बांधलेले नसताना, माझे पाणी उकळले. सोळा वर्षांत जे कधी झाले नव्हते ते त्या सुधारणेने एका तासात करून दाखवले.

वर्षा दुकानदाराशी भांडायला परत गेली नाही. तिने तांड्यात आल्यावर सगळे खोलले. कूलर उचलून माझ्या केबिनच्या मागे, चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, बाजूला बसवला, जिथे त्याला मोकळी हवा होती. त्याला वेगळा पंखा दिला. तेल फिरवायला छोटा पंप लावला आणि खेमसिंगच्या डोळ्यांसमोर एक काटा बसवला. काटा हिरव्यात असला तर तेल ठीक, तांबड्यात गेला तर थांबायचे.

आणि खरे सांगतो, तो कूलर कामाचा निघाला. जे चांगले आहे ते मी रागातही चांगलेच म्हणेन. त्या उन्हाळ्यात एक एसटी घाटाच्या तोंडाशी बंद पडली. माणसे दुसऱ्या बसमध्ये बसवून आम्ही ती रिकामी बस ओढली. मोहाचे झाड आले आणि मागे गेले. खेमसिंग काट्याकडे पाहत होता. काटा हिरव्यातून हलला नाही. वर पोचल्यावर त्याने रुक्माबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, फोन करून सांगितले की पोरीनं गाडीले नवी उमर देली. मला त्या दिवशी फार बरे वाटले.

पण ती लाल पट्टी काचेवर राहून गेली होती. तीच भोवली.

घाटाचा रस्ता रुंद करण्याचे काम एका कंपनीकडे होते. कामामुळे गाड्या अडकत, म्हणून कंपनीने मला उन्हाळाभर टोचनसाठी ठरवून घेतले. मी त्यांच्या कॅम्पमध्ये, ऑफिसच्या खिडकीपाशी उभा राहू लागलो. तिथले मॅनेजर ठोंबरे साहेब. त्यांनी माझ्या काचेवरची पट्टी वाचली आणि ती वेदवाक्य मानली.

एके दिवशी खेमसिंग आणि वर्षा नातलगाच्या साखरपुड्याला कळंबला गेले होते. दुपारी सिमेंटने गच्च भरलेला चौदा चाकी ट्रक घाटात बंद पडला. दोन्हीकडे रांगा लागल्या. ठोंबरे साहेबांनी खेमसिंगला फोन केला. खेमसिंगचे म्हणणे मला खिडकीतून कळले, कारण साहेब ते चिडून मोठ्याने परत बोलत होते. आधी अर्धे सिमेंट दुसऱ्या गाडीत उतरवा, मी संध्याकाळपर्यंत येतो, तोवर हात लावू नका. साहेबांनी फोन ठेवला आणि नेमसिंगला बोलावले.

नेमसिंग शेजारच्या तांड्याचा. कंपनीचा खडी वाहणारा टिप्पर चालवायचा. दोन मुलींचा बाप, मुकाट काम करणारा माणूस. त्याने सांगितले की टोचन आपण कधी केले नाही, ते काम वेगळे असते. साहेबांनी त्याला ऑफिसात ठेवलेली माझी किल्ली दिली.

"त्याला डबल कूलर आहे. काटा बघत जा, बस. नेतोस की घरी जातोस?"

नेमसिंग एकदा माझ्याकडे आणि एकदा कॅम्पच्या फाटकाकडे पाहत उभा राहिला. साहेबांनी तेच पुन्हा विचारले, तेव्हा तो चढला.

चढ मी चढलो. कसा चढलो ते मलाच ठाऊक. क्लचच्या प्लेटा जळत होत्या, त्यांचा धूर केबिनमध्ये येत होता, पण कूलर क्लचला थंड करत नाही. नेमसिंग घाबरून काट्याकडे पाही. काटा हिरव्यात. साहेबांनी सांगितले होते तेच त्याला दिसत होते. मग उतार लागला. बंद पडलेल्या ट्रकचे स्वतःचे ब्रेक चालत नाहीत. तो सगळा सिमेंटचा डोंगर आता मला मागून ढकलू लागला. माझे ब्रेक तापले, मग लिबलिबीत झाले, मग उरलेच नाहीत. क्लच जळालेला, त्यामुळे गिअरही मला धरून ठेवीना. डाव्या हाताला दरी होती आणि समोरून माणसे भरलेल्या गाड्या चढत होत्या.

आणि काटा? काटा हिरव्यातच होता.

नेमसिंगने मला उजवीकडच्या खडकावर घातले. जाणूनबुजून. तेवढी एकच जागा होती आणि तेवढाच क्षण होता. माझे तोंड चेपले, चेसिस पिळून गेली, त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. समोरच्या एकाही माणसाला ओरखडा आला नाही.

त्याचे कौतुक व्हायला हवे होते की नाही? पण दुसऱ्या दिवशी कंपनीने पोलीस ठाण्यात लिहून दिले, की ड्रायव्हरने विचारल्याशिवाय गाडी नेली आणि बेफाम चालवली.

मला ओढून ठाण्याच्या आवारात ठेवले होते. ठोंबरे साहेब तिथे खेमसिंगला भेटायला आले. फार सौम्य बोलले. त्यांनी आणलेल्या कागदावर खेमसिंगने सही केली, नेमसिंगने गाडी न विचारता नेली एवढेच लिहून दिले, तर कंपनी मला पुन्हा नव्यासारखा करून देणार होती. पुढच्या वर्षीचे कामही देणार होती. मित्रांनो, मी खोटे सांगत नाही. क्षणभर मला वाटले की याने सही करावी. पिळलेल्या अंगाने उन्हात उभे राहणे सोपे नसते.

खेमसिंगने माझ्या चेपलेल्या दाराला टेकून तो कागद पूर्ण वाचला आणि परत दिला.

"गाडी माही आहे साहेब, मोडली त मोडली. त्या माणसाचं नाव मी मोडत नाही."

मला माझीच लाज वाटली.

चार दिवसांनी मोटार वाहन निरीक्षक मला तपासायला आले. साहेबही हजर होते. गाडी चांगल्या स्थितीत होती, महागडा कूलरसुद्धा होता, म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच, असे ठोंबरे साहेबांनी सांगितले. तेव्हा वर्षा पुढे झाली. तिने निरीक्षकांच्या समोर माझा गिअरबॉक्स उघडला. तेल स्वच्छ, सोनेरी. दात एकूण एक शाबूत. मग तिने जळून कोळसा झालेल्या क्लच प्लेटा आणि निळे पडलेले ब्रेकचे ड्रम त्यांच्यापुढे मांडले.

"साहेब, कूलरनं आपलं काम केलं. थो गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवते, तेवढंच. क्लचले नाही, ब्रेकले नाही. या गाडीची ताकद त्यानं इतकीशी बी वाढत नाही. काट्याकडं पाहून वजन ज्याईनं ठरवलं, त्याईले विचारा."

ठोंबरे साहेब म्हणाले, वजन नेमसिंगनेच ठरवले. तेव्हा आवाराच्या फाटकाशी उभी असलेली एक बाई आत आली. ती तानाबाई, कॅम्पवर स्वयंपाक करणारी. तिला कुणी बोलावले नव्हते.

"मी भाकरी थापून राह्यली होती. नेमसिंग म्हणे, मले जमत नाही. साहेब म्हणे, नेतं का घरी जातं? दोनदा म्हणे."

एवढे बोलून ती गेली. कॅम्पवरचे तिचे काम त्याच संध्याकाळी सुटले.

तिच्या जबाबामुळे कागद बदलला. नेमसिंगवरचा ठपका निघाला, त्याचे लायसन्स राहिले. ठोंबरे साहेबांचे काय झाले? काही नाही. कंपनीने त्यांना दुसऱ्या रस्त्यावर पाठवले. तिथेही घाट असेल, तिथेही कुणी नेमसिंग असेल. माझा राग अजून गेला नाही तो यासाठी.

मी पुन्हा रस्त्यावर आलो नाही. पिळलेली चेसिस सरळ होत नाही. मी आता तांड्याच्या टोकाला उभा आहे. माझा गिअरबॉक्स मात्र वर्षाने काढून, कूलरसकट, दुसऱ्या एका ट्रकात बसवला. तो ट्रक टोचनचे काम करतो. तो नेमसिंग चालवतो, आणि तानाबाई आता रुक्माबाईबरोबर घाटाच्या तोंडाशी खानावळ चालवते.

इथून मला घाटाचे पहिले वळण दिसते. गेल्या आठवड्यात सोयाबीनचा एक ट्रक तिथे बंद पडला. पोती टपाच्याही वर गेली होती. मालकाला घाई होती. तो हातवारे करत होता, नव्या गाडीकडे, तिच्या कूलरकडे बोट दाखवत होता. नेमसिंगने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला. मालक बराच वेळ बोलत राहिला. नेमसिंग उठला नाही. शेवटी मालकाने फोन लावला, आणि हमाल येऊन पोती उतरवू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला थंडावा जरूर द्या, योग्य जागी द्या, जाणत्या हाताने द्या. पण त्या थंडाव्याच्या भरवशावर तिच्या मागे वाटेल तेवढे बांधू नका. आणि एखादा चालवणारा खाली उतरून दगडावर बसला, तर त्याच्यावर हॉर्न वाजवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.